दृष्टी गेली तरी झोपेचं घड्याळ चालू राहतं, ते कशाच्या जोरावर?

अनिमेष (मूळ प्रश्न)
रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक नेत्रविकारात दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी निकामी होतात. तरीही दृष्टी पूर्ण गेलेल्या काही जणांचं झोपण्या-उठण्याचं चक्र दिवस-रात्रीशी जुळलेलं राहतं. उलट दोन्ही नेत्रगोल काढावे लागले, तर ते बहुधा रोज थोडं थोडं सरकत जातं. म्हणजे उजेडाची खबर डोळ्यातूनच जाते, पण नेहमीच्या दोन पेशींवाचूनही. मग ती नेतं कोण? व्यवहारातलं आणखी एक: टेबलावर 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) भरले, तर या यंत्रणेच्या लेखी तो दिवस ठरतो का? आणि रात्री स्क्रीन पिवळा केला की भागतं का?

गंडिका
दृष्टिपटलावरून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या सुमारे 10 लाख गँग्लियन पेशींपैकी जेमतेम एक टक्का पेशींत मेलॅनॉप्सिन हे रंजकद्रव्य असतं. या पेशी कुणावर विसंबून न राहता स्वतः प्रकाश टिपतात. अंध उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसतात हे क्लाइड कीलर यांनी 1920 च्या दशकातच नोंदवलं होतं, पण त्यामागच्या पेशी हाती लागायला 2002 उजाडलं. मेलॅनॉप्सिन त्याआधी, 1998 मध्ये, सापडलं ते बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत!

दंडपेशी आणि शंकुपेशींचा विद्युतभार उजेडात अधिक ऋण होतो. या पेशी उलट उत्तेजित होतात. सुरू व्हायला संथ, आणि दिवा बंद झाल्यावरही कितीतरी सेकंद संदेश पाठवत राहतात. चित्र उमटवायला हा स्वभाव निरुपयोगी, पण एकूण उजेड किती आहे हे जोखायला उत्तम. त्यांचे तंतू मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या, दृष्टितंतूंच्या छेदाच्या अगदी वर बसलेल्या मुख्य घड्याळाकडे जातात. काही बाहुली आवळणाऱ्या केंद्राकडे जातात. माणसाचं हे घड्याळ सरासरी 24 तासांहून किंचित लांब चालतं. रोज उजेडाने जुळवलं नाही, तर ते काही मिनिटांनी मागे पडतं आणि काही आठवड्यांत झोप भरदिवसा येऊ लागते.

म्हणूनच, दिसत नाही एवढ्यावरून डोळा काढण्याचा निर्णय घेऊ नये. वेदना किंवा गाठ असेल तर गोष्ट वेगळी, पण हा डोळा घड्याळाला उजेड पुरवतो का, हे आधी विचारलं गेलंच पाहिजे.

बाहुलीमापक
ते बाहुलीवरून तपासता येतं. अंधारात सुमारे 10 मिनिटं बसवून एका डोळ्यात 1 सेकंद लाल प्रकाश टाकायचा, बाहुली पूर्ववत होऊ द्यायची, मग तेवढ्याच फोटॉनसंख्येचा (प्रकाशकणांच्या संख्येचा) निळा. दुसऱ्या डोळ्याची बाहुली इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपायची. लाल विझला की बाहुली लवकर मोठी होते. निळा विझल्यानंतर सहाव्या सेकंदालाही ती लहानच असेल, तर मेलॅनॉप्सिन काम करतंय. क्रम उलटा केला तर निळ्याचा लांबलेला परिणाम लाल मोजणीत मिसळतो. नजर दूरच्या खुणेवर हवी, कारण जवळ पाहिलं तरी बाहुली आकसते. ओपिऑइड (अफूच्या जातीची) औषधं किंवा बाहुली मोठी करणारे थेंब चालू असतील तर आकडे फसवे निघतात. मोबाइलच्या पांढऱ्या टॉर्चने हा फरक कळणार नाही, त्यात सगळे तरंग एकत्र असतात. काचबिंदू फार पुढे गेला असेल तर गँग्लियन पेशीच गेलेल्या असतात आणि हा प्रतिसाद क्षीण मिळतो.

लक्समीटर
500 लक्स टेबलावर आडवे मोजलेत, प्रश्न डोळ्यांचा आहे. मीटर डोळ्यांच्या उंचीवर, नजरेच्या दिशेने उभा धरा. आकडा बऱ्याचदा निम्म्याहून खाली येतो. मेलॅनॉप्सिनला 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा सर्वाधिक भावतो, म्हणून लक्सना दिव्याच्या वर्णपटानुसार गुणावं लागतं: 2700 केल्विनच्या पिवळसर एलईडीला साधारण 0.45 ने, 6500 च्या पांढऱ्याला 0.9 च्या आसपास. डोळ्याशी 200 लक्स असतील तर पिवळसर दिव्याखाली उरले 90, पांढऱ्याखाली 180. तज्ज्ञांची 2022 ची शिफारस, अशाच गुणलेल्या लक्समध्ये, दिवसा किमान 250, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त 10 आणि झोपेत 1 अशी आहे. म्हणजे दोन्ही दिवे दिवसासाठी अपुरेच. टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवणं सर्वांत सोपं. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात.

अनिमेष
आणि स्क्रीनचं?

लक्समीटर
रंगापेक्षा आधी तेजस्विता उतरवा. पिवळा केलेला पण पूर्ण तेजाचा मोठा मॉनिटर, मंद केलेल्या लहान स्क्रीनपेक्षा जास्त जागवू शकतो. छतावरचा पांढरा दिवा चालू ठेवून नुसता स्क्रीन पिवळा करणं तर अगदी व्यर्थ. माणसामाणसांतही प्रचंड फरक असतो: संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे रात्रीची खूण देणारं संप्रेरक, निम्म्यावर यायला कुणाला 6 लक्स पुरतात, कुणाला 350 लागतात.

गंडिका
वेळेचं राहिलं. शरीराचं तापमान नेहमीच्या जागं होण्याआधी साधारण दोन-तीन तास सर्वांत कमी असतं. त्याच्या आधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. सातला उठणाऱ्याने झोप अलीकडे आणायची म्हणून पहाटे तीनला प्रखर दिवा लावला, तर परिणाम नेमका उलटा होईल. जाग आल्यावर उजेडात जावं आणि उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणावी.