भरवशाचा कंत्राटदार आपण कसा पारखलात?

घराचे नूतनीकरण करायचे ठरले की रंगांच्या छटा आणि फरशीचे नमुने पाहण्यात आठवडे जातात, आणि ज्याच्या हाती घराची किल्ली द्यायची तो माणूस मात्र दोन फोनांत ठरतो. मागच्या खेपेस माझ्याकडून हेच झाले. कंत्राटदार बोलायला गोड होता, त्याचे कोटेशन सर्वांत कमी होते, आणि कामाच्या तिसऱ्याच दिवशी ‘मटेरियल एकदम उचलले तर स्वस्त पडते’ असे सांगून त्याने ठरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम उचलली. फोडाफोड झाली, राडारोडा दारात पडला, त्यानंतर त्याची माणसे एक दिवसाआड, मग आठवड्याने येऊ लागली आणि शेवटी येईनाशीच झाली. आता स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संपूर्ण वायरिंग असे काम पुन्हा काढायचे आहे. हाती ३ कोटेशन आहेत आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. आपला कंत्राटदार कुठे कसाला उतरला किंवा कुठे उघडा पडला, हे तपशिलाने लिहावे ही विनंती. ‘ओळखीचा घ्या’ एवढ्यावर कृपया थांबू नये. माझाही ओळखीतूनच आला होता.

*

दुपटीचा फरक बहुधा दरांचा नसतो, न लिहिलेल्या कामांचा असतो. आमच्याकडे आलेल्या सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये ‘न्हाणीघर, पूर्ण’ असे दोन शब्द आणि समोर एक आकडा होता. जुन्या फरशा उखडणे, राडारोडा वाहून नेणे, उखडल्यावर खराब झालेला गिलावा पुन्हा करणे, जुने पाईप बदलणे, यांपैकी काहीच त्या दोन शब्दांत नव्हते, आणि विचारल्यावर ‘ते तर एक्स्ट्रा येणार’ असे शांत उत्तर मिळाले. मग मी स्वतः टेप घेऊन प्रत्येक खोली मोजली, कामांची यादी केली, प्रत्येक कामापुढे चौरस फूट, रनिंग फूट किंवा नग लिहिले, साहित्य कोणाचे हे नमूद केले आणि तीच यादी तिघांनाही देऊन फक्त दराचा रकाना भरायला सांगितले. तिन्ही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. रंगकामाच्या मोजमापात दारे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, हेही आधीच लिहून घ्यावे; आमचा एकमेव वाद त्यावरून झाला.

पैशांचे हप्ते तारखेवर बांधू नयेत, टप्प्यावर बांधावेत. ‘१५ तारखेला दुसरा हप्ता’ असे लिहिले तर १५ तारीख येतेच, काम आलेले असो वा नसो. आम्ही सुरुवातीला फक्त पहिल्या टप्प्याचे साहित्य येईल एवढी रक्कम दिली आणि शेवटचे १० टक्के काम संपल्यावर ३ महिन्यांनी देण्याचे ठरवले. एक कंत्राटदार या अटीवर उठून गेला. दुसऱ्याने १० ऐवजी ५ टक्केच मागे ठेवा असे सुचवले, त्यालाच काम दिले.

*

मी लिहितो ते न्हाणीघराबद्दल, कारण तिथली चूक आपल्याला दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिसते.

आमचे पहिले काम ज्याने केले त्याने वॉटरप्रूफिंगचे रसायन सकाळी लावले आणि संध्याकाळी त्यावर फरशी बसवायला घेतली. पाणी साठवून तपासणी करू या, असे मी म्हटले तेव्हा ‘इतकी वर्षे काम करतोय, गरज नाही’ असे म्हणून त्याने हसण्यावारी नेले. ४ महिन्यांत खालच्या छतावर ओल उमटली आणि नवी फरशी पुन्हा फोडावी लागली.

दुसरा कंत्राटदार शोधताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: फरशी बसवण्यापूर्वी तुम्ही काय काय करता? बहुतेकांनी रसायनाच्या कंपनीचे नाव सांगितले. एकाने मात्र कामाचा क्रम सांगितला. आधी स्लॅब उघडा करून झाडून घ्यायचा, पाईप जिथून आरपार जातो तिथला भाग पक्का भरायचा, भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी पट्टी, मारायचा, कारण काटकोनात थर तडकतो. मग रसायनाचे दोन हात, पहिला सुकल्यावरच दुसरा, आणि तोही भिंतीवर किमान फूटभर वर चढवून. थर पुरता सुकल्यावर त्याने नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या तोंडात, कापड कोंबले, दाराशी विटांचा छोटा बांध घातला, चार बोटे पाणी भरले आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. शेजारी एका बादलीत तेवढेच पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मारली. त्याचे कारण मला दुसऱ्या दिवशी कळले: पाणी थोडे खाली गेलेच होते, पण बादलीतलेही तेवढेच गेले होते, म्हणजे ती नुसती वाफ होती.

४८ तासांनी तो स्वतः खालच्या घरी जाऊन छताला हात लावून आला. एका पाईपच्या कडेला बोटाएवढा ओला डाग होता. मला तो दिसलाही नसता. त्यानेच मला खाली बोलावून दाखवला, तेवढा भाग फोडला, पुन्हा भरला आणि पुन्हा ४८ तास पाणी ठेवले. त्याचे वेगळे पैसे त्याने मागितले नाहीत. कामाला ५ दिवस उशीर झाला आणि घरात त्यावरून बरीच कुरकुर झाली, हेही नोंदवतो.

*

ओळखीबद्दल थोडे. आमच्या नातेवाइकांनी सुचवलेला माणूस खरोखरच सचोटीचा होता, पण त्याने त्यांच्याकडे केवळ रंगकाम केले होते आणि आम्ही त्याला प्लंबिंगसकट सगळे दिले. प्रामाणिक असणे आणि काम येणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे त्या गळक्या नळांनी शिकवले. पुढच्या वेळी प्रत्येक कंत्राटदाराकडून २ पत्ते मागितले, एक सध्या चालू असलेल्या कामाचा आणि एक किमान ३ वर्षे जुन्या कामाचा. चालू कामावर सिमेंटच्या गोण्या थेट जमिनीवर टाकल्या आहेत की फळ्यांवर रचल्या आहेत, ओळंबा आणि पाणसळ (भिंत उभ्यात आणि जमीन आडव्यात सरळ आहे का ते पाहण्याची साधने) वापरात दिसते की कोपऱ्यात धूळ खात पडली आहे, हे पाहिले. जुन्या घरी जाऊन मी नाण्याने फरशीवर ठिकठिकाणी वाजवून पाहिले. जिथे खाली मसाला नीट भरलेला नसतो तिथे पोकळ आवाज येतो. यजमानीण बाईंना ते विचित्र वाटले असावे, पण नंतर त्याही माझ्याबरोबर वाजवू लागल्या.

*

वायरिंगचे काम करणाऱ्यांनी एक करावे: गिलावा भरण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढावीत, भिंतीला टेप लावून, म्हणजे कोणता पाईप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कायमचे कळते. आमच्या पहिल्या इलेक्ट्रिशियनने याला उगाचच विरोध केला. संशय आला म्हणून वायर पाहिली, तर गिझरच्या पॉइंटला दिव्यांची १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली निघाली. साधारणपणे दिव्यांना १.५, साध्या प्लगला २.५ आणि गिझर किंवा एसीला ४ अशी वायर घालतात, आणि हा आकडा वायरवरच छापलेला असतो, वाचायला कोणतेही शिक्षण लागत नाही. दुसऱ्याने छायाचित्रांसाठी स्वतःच टेप धरला.

*

माझा अनुभव दोन ओळींचा आहे. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत पाडायला २ कंत्राटदार एका पायावर तयार होते. तिसरा म्हणाला, ‘स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून दिल्याशिवाय मी हातोडा लावणार नाही, भिंत जाडीला कमी दिसते म्हणून ती भार घेत नाही असे नसते.’ भिंत राहिली, आणि काम त्यालाच दिले.

*

या सर्व अनुभवांत कंत्राटदाराची बाजू आलेली नाही, म्हणून लिहिते. माझे वडील हाच व्यवसाय करत आणि काही वर्षे त्यांच्या हिशेबाच्या वह्या मी लिहिल्या. त्या वह्यांत सर्वाधिक खाडाखोड ‘वाढीव काम’ या पानावर असे. ओटा अर्धा झाल्यावर सिंक दुसऱ्या बाजूला हवे असते, ‘जाता जाता’ एक कपाट करून हवे असते, आणि शेवटच्या हिशेबाच्या वेळी ‘एवढेसे तर काम होते’ म्हणून त्याचे पैसे कापले जातात. अनुभवी कंत्राटदार मग ही बुडीत धरूनच दर लावतो आणि तो भुर्दंड शहाण्या ग्राहकालाही बसतो.

दुसरी गोष्ट घाईची. नव्या गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते आणि त्यानंतर तो पुरता सुकण्यासाठी काही आठवडे द्यावे लागतात. एका कुटुंबाने समारंभाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या भिंतीवरच रंग देण्याचा हट्ट धरला. वडिलांनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा ऐकले. महिनाभरात रंगाला फोड आले आणि त्यांची शेवटची रक्कम आजतागायत मिळालेली नाही. त्यानंतर वडिलांनी एक वही कामावरच ठेवायला सुरुवात केली: कोणताही बदल, त्याचा दर, त्यामुळे वाढणारे दिवस आणि खाली दोघांच्या सह्या. ही वही काढायला जो कंत्राटदार कां-कूं करतो त्याच्यापासून जपावे हे खरेच, पण सही करायला कां-कूं करणारे ग्राहकही मी पुष्कळ पाहिले आहेत.

*

सर्वांचे आभार. वर सुचवल्याप्रमाणे मोजमाप घेऊन ४३ कामांची यादी केली आणि रविवारी तिघांनाही पाठवली. पाणी साठवून तपासणी, टप्प्यांचे हप्ते आणि बदलांची वही या अटी खाली लिहिल्या. सर्वांत महाग कोटेशन देणाऱ्याने ६ कामे गाळलीत असे कळवून यादी ४९ वर नेली. मधल्याने, तुमचे माप मी धरणार नाही, स्वतः येऊन मोजेन, असे सांगितले आणि तो उद्या सकाळी येत आहे. सर्वांत स्वस्त कोटेशन ज्याचे होते त्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. ‘ताई, माझ्यावर विश्वास नाही का?’ एवढेच त्याने विचारले. दराचा रकाना अजून कोरा आहे.