मदत हवी आहे: दिवसा कॉफी, रात्री क्वार्टर

नोकरी ऐरोलीत, घर कळव्याला. दुपारी ३ ला डोळे मिटायला लागतात म्हणून मशीनची कॉफी, मग ५ ला आणि ७ ला आणखी एकेक. घरी आलो की डोकं भणभणतं, झोप नाही, म्हणून दारूची नाइन्टी. हल्ली ती क्वार्टरवर गेलीये. पहाटे ३ ला टक्क जाग. निम्मं कॅफिन उतरायलाच ५-६ तास लागतात, दारूने उत्तररात्रीची झोप मोडते, सगळं वाचलंय. सुटत मात्र नाही. काल बायकोने एक शब्द न बोलता ओट्यावरचा ग्लास विसळून पालथा घातला.

ठाण्यात चांगला समुपदेशक माहीत आहे का? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी बोललंय? आणि दारू एकदम बंद करायची की डॉक्टरांना विचारून हळूहळू? (‘मनावर घे, सुटेल’ हे सासऱ्यांनी सांगून झालंय.)