स्वतः करायचं की माणूस बोलवायचा? अनुभव लिहा

आज माळा आवरताना बाबांचा टेस्टर सापडला. पिवळी मूठ, टोकाला ठिणगीने पडलेली खाच. घरातली सगळी दुरुस्ती बाबाच करायचे. एकदा एका प्लगवर काहीच चालेना. टेस्टर एका भोकात घातला, त्यातला दिवा लागला. दुसऱ्यात लागायला नको, तर तिथेही लागला! बाबा थांबले, मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "हे मला कळत नाहीये. वायरमनला बोलव." न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, कुठेतरी तुटली होती आणि बटण चालू राहिलेल्या दिव्यातून फेज (येणारी वीज) फिरून तिकडे येत होता. एवढं सगळं येणारा माणूस 'कळत नाही' म्हणतो, याचं तेव्हा नवल वाटलेलं. आज अभिमान वाटतो. तुम्ही कुठे थांबलात?

—

बाबांचं वाचून भरून आलं.
आमच्याकडे छताला ओल. दोन वर्षं तेच: खरवड, पुट्टी लाव, रंग दे, पावसात परत पोपडे. शेवटी जाणकार माणूस आला, वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीत) रंगीत पाणी ओतलं आणि थांबला. गळती डागापासून चांगली चार फूट लांब! पाणी स्लॅबमधून वाट काढत येतं, डाग दिसतो तिथेच गळत असेल असं नाही.

—

मायक्रोवेव्ह घरी उघडू नका, हात जोडून सांगतो. दुरुस्तीच्याच धंद्यात आहे. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, चार्ज धरून बसलेला असू शकतो, आणि तिथला व्होल्टेज २०००च्या घरातला असतो.

—

नळाचा वॉशर मात्र प्रत्येकाला बदलता यायलाच हवा. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळली तर नळ बसवताना उलगडत येते. आणि आधी मेन कॉक खरंच बंद होतो का ते बघा!! आमचा वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम होता. पुढचं सांगायला नको.

—

मी जरा वेगळंच लिहिते. सासूबाई नऊ महिने अंथरुणाला खिळून होत्या. सगळं मीच करायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून रात्रभर गजर. एक दिवस माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरला दाखवला तर म्हणाल्या, ही जखमेची सुरुवात आहे, आणि ताई, तुम्ही उभ्या उभ्या झोपताय. त्या आठवड्यात रात्रीची बाई लावली. "सुनेला जड झाली" हे ऐकलं, खूप लागलं. पण त्यानंतर कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याजवळ नुसती बसले. केस विंचरले. त्या जुन्या गोष्टी सांगायच्या. ते दिवस मला त्या बाईंमुळे मिळाले.
बाळ उठलं, नंतर येते.

—

ताई, तुम्ही काहीही चुकीचं केलं नाहीत. बोलणारे रात्री दोनला उठायला येत नाहीत.

—

+१. माझी आई सध्या याच अवस्थेत आहे. एकटीला सरकवता येत नाही, पाठ गेली माझी. काय करायचे तुम्ही?

—

आले. चादर दुमडून त्यांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत खाली घालायची, दोघींनी दोन बाजूंनी धरून थोडं उचलून सरकवायचं. घासत ओढायचं नाही, कातडी सोलते. एकटीने अजिबात नको. एअर बेड घेतलात का?

—

घेतलाय. तरी कूस बदलायचीच ना?

—

हो, बदलायचीच. आणि रात्रीचं कोणी बघा हो, प्लीज.

—

हार्डडिस्क टकटक आवाज करायला लागली तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. मी बघत राहिलो. मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो गेले.

—

अरेरे. नातेवाइकांना पाठवलेले असतील, विचारून बघा.

—

विचारलं. आत्याकडे अकरा निघाले.

—

विषयाशी संबंध नाही, पण बाबांचा टेस्टर अजून लागतो का?

—

हो! सापडल्या सापडल्या त्याच प्लगमध्ये घालून बघितला. एकाच भोकात लागला.