मदत हवी आहे : टीबीच्या रुग्णांची आरोग्य साक्षरता मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

आरोग्य साक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती मिळवता, समजून घेता आणि वापरता येणं. पब्लिक हेल्थच्या प्रबंधासाठी हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, एखादी तयार प्रश्नावली मराठीत आणायची, दीड-दोनशे रुग्णांना विचारायची, झालं. आता अशी अडकलेय की गाईडसमोर जायचंही जिवावर येतं.

आधी काय काय पाहून झालं ते सांगते. 'रीअल्म' चाचणीत ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायला देतात आणि उच्चार बरोबर आला की गुण. इंग्रजीत हे चालतं, कारण स्पेलिंगवरून उच्चाराचा भरवसा नसतो. शब्द ओळखीचा असेल तरच नीट म्हणता येतो. देवनागरीत चौथी शिकलेला माणूसही 'प्रतिजैविक' खणखणीत वाचेल आणि अर्थ विचारला की आपल्याच तोंडाकडे बघेल. बाद. 'टोफला' ही दुसरी चाचणी लांबलचक आहे, शिवाय सगळी भिस्त वाचण्यावर. 'न्यूएस्ट व्हायटल साइन' सहाच प्रश्नांची, पण ते सगळे आइस्क्रीमच्या डब्यावरच्या लेबलवर! टीबीच्या माणसाला त्याचं काय?

उरली युरोपातली एचएलएस-ईयू. मूळ ४७ प्रश्न, छोट्या आवृत्तीत १६. "अमुक करणं तुम्हाला किती सोपं जातं?" या धाटणीचे. तोंडी विचारता येतात म्हणून हीच धरली. १३ किंवा जास्त गुण म्हणजे साक्षरता पुरेशी, ८ किंवा कमी म्हणजे अपुरी.

आणि चाचणीच्या पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले.

एक आजोबा, शेजारी मुलगा बसलेला. सगळ्याला उत्तर एकच, "सोपंय की." १६ पैकी १६. कागद आवरताना सहज विचारलं, गोळ्यांचा काही त्रास? म्हणाले, "त्रास नाही, लघवी तांबडी होते. रोग बाहेर पडतोय. साफ झाली की गोळ्या बंद." तो रंग रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा असतो, रोगाचा नव्हे!

त्यानंतरच्या बाई सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या. "अवघड", "लई अवघड" करत गुण पडले ५. पण रिकाम्या स्ट्रिपा रबर लावून पिशवीत जपलेल्या. किती दिवस झाले, किती राहिले, दोन महिन्यांनी गोळ्या का बदलल्या, अंधुक दिसू लागलं तर लगेच यायचं, सगळं तोंडपाठ.

मग मी मोजतेय काय, साक्षरता की आत्मविश्वास? "दोन दिवस गोळी राहिली तर काय कराल?" असे प्रसंग घालावेत म्हटलं, तर गाईड म्हणतात ही ज्ञानाची परीक्षा झाली. तेही खरंच. वाचता न येणाऱ्यांना वगळा असंही एकाने सुचवलंय. जाणकारांनी वाट दाखवावी.

प्रतिसाद : आकडेमोड

वगळू नका हो, मग अभ्यास कुणासाठी करताय?

आइस्क्रीमवर हसलात, पण त्यातली खुबी उचला. तिथे लेबल हातातच असतं, आधीचं काही माहीत असावं लागत नाही. तसंच तुम्ही गोळ्यांबद्दल चार वाक्यांची सूचना आधी ऐकवा, मग तिच्यावरच प्रश्न विचारा. मिळालेली माहिती माणूस वापरू शकतो का, एवढंच त्यात दिसेल. ज्ञानपरीक्षेचा आक्षेप बऱ्यापैकी निकालात निघतो.

प्रश्नावलीचे गुण आणि या सूचनेवरचे गुण वेगळे ठेवा, बेरीज करू नका. आजोबांच्या दोन आकड्यांतली दरी हाच तुमचा निष्कर्ष असू शकतो. नातेवाइकांना बाहेर बसवा. उपचाराचा कितवा महिना ते नोंदवा. पाचव्या महिन्यातला माणूस ऐकून ऐकूनच पुष्कळ शिकलेला असतो. आणि पाच-सहा जणांना प्रत्येक उत्तरानंतर "हे कशावरून म्हणालात?" विचारून बघा. भाषांतर कुठे फसलंय ते तिथेच कळतं. मूळ प्रश्नावलीची परवानगी घेतलीय ना?

प्रतिसाद : शंकासूर

ते सगळं ठीक. आजोबांना कुणी सांगितलं की नाही?

धागाकर्ती

आकडेमोड, सूचना ऐकवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! परवानगीचा मेल अजून पाठवायचाय, आज पाठवते.

शंकासूर, लगेच नर्सताईंना बोलावलं. त्यांनी समजावलं आणि "कळलं का?" न विचारता म्हणाल्या, "आता घरी सूनबाईंना काय सांगाल ते मला सांगा." आजोबा जरा थांबले. "रंग गोळीचा आहे. साफ झाली तरी गोळी चालूच." मग मुलाकडे बघून, "किती महिने रे?" नर्सताईंनी त्याला गप्प बसवलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तिसऱ्या खेपेला "सहा" आलं.