मदत हवी आहे: मुलीच्या रक्तात शिसं, घर तपासायला सरकारी माणूस कसा बोलवायचा?

पागोळी
मुलीची लीड लेव्हल ६ आली आहे (एक डेसिलिटर रक्तात ६ मायक्रोग्रॅम शिसं). डॉक्टरांच्या ऑफिसमधून फोन आला, "थोडी जास्त आहे, पुन्हा करू, तोवर घरातल्या जुन्या रंगाकडे लक्ष द्या." लक्ष द्या म्हणजे नक्की काय करू? घर भाड्याचं आहे. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो सगळा रंग नवा दिलाय, काळजीचं कारण नाही. मला त्याच्याशी वाद घालत बसायचं नाहीये. सरकारतर्फे कोणी येऊन घर तपासतं का, आणि त्यासाठी फोन कोणाला करायचा? सरकारी साइट्स वाचून झाल्या. सगळीकडे माहितीपत्रकं आहेत, पुढे काय ते कुठेच नाही. कृपया लवकर सांगा, झोप उडाली आहे.

देवचाफा
भारतात असाल तर घर तपासायला कोणी येत नाही. रंगातल्या शिशावर २०१६ चा नियम आहे, ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू. पण तो नवीन रंगाच्या डब्यापुरता. भिंतीवर आधीच बसलेल्या जुन्या थराचं काय, याबद्दल त्यात काही नाही. मुलांची सरसकट रक्ततपासणीही आपल्याकडे होत नाही. २०२० च्या युनिसेफच्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज होता, आणि त्यात भारतातली मुलं सगळ्यात जास्त. हे वाचल्यापासून मला राहवत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी लिहिते.

पागोळी
अमेरिकेत आहोत.

गारवा
अमेरिका मोठी आहे. कुठलं राज्य? घर कोणत्या साली बांधलेलं? मुलगी केवढी आहे? आणि रक्त बोटातून घेतलं की शिरेतून? या चार गोष्टींशिवाय कोणी काही सांगितलं तर तो नुसता अंदाज.

पागोळी
न्यू जर्सी. सव्वा वर्षाची आहे. बोटाला टोचलं. घराच्या सालाचा काय संबंध, रंग नवीन आहे असं सांगितलं ना.

गारवा
सगळा संबंध सालाचाच आहे. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीचं घर असेल तर नव्या रंगाखाली जुने थर असू शकतात. रंग नवीन असला तरी खिडकी वर-खाली करताना चौकट घासते, खालचा थर निघतो आणि त्याची भुकटी चौकटीच्या तळाशी आणि जमिनीवर जमते. रांगणारं मूल हात टेकवतं, तोच हात तोंडात. लहान मुलांचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं. त्यामुळे पोपडे दिसत नाहीत म्हणजे धोका नाही, असं होत नाही.

निवडुंग
आधी एक विचारतो, काजळ घालता का? घरची हळद भारतातून आणलेली आहे का? पितळेची भांडी? आमच्या ओळखीत एका मुलाची लेव्हल वाढली होती, घर अगदी नवं, शेवटी गावाहून आलेल्या सुरम्याच्या डबीत सापडलं. आपली माणसं कायम भिंतींच्या मागे लागतात आणि स्वयंपाकघर बघत नाहीत. काजळ-सुरमा हा प्रकार इथे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायला एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न-औषध प्रशासनाची, परवानगीच नाही, ते काही उगाच नाही.

गारवा
निवडुंग, मुद्दा बरोबर आहे पण क्रम उलटा लावताय. १९७८ पूर्वीचं घर आणि रांगतं मूल असेल तर आधी घर.

निवडुंग
क्रम कसला? दोन्ही एकाच दिवशी बंद करता येतं. काजळ पुसायला तपासनीस लागत नाही. आणि हळदीचं म्हणाल तर बांगलादेशात पिवळा रंग चढावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायन मिसळत होते. सरकारने २०१९ मध्ये धाडी घातल्या, दंड केले, बाजारात पत्रकं लावली. शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. सरकारने मनावर घेतलं तर दोन वर्षांत होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पागोळी
काजळ आजी आली होती तेव्हा लावायचो. आता बंद करते. घराचं साल शोधलं, टाऊनच्या (इथल्या नगरपालिकेच्या) टॅक्स रेकॉर्डमध्ये १९२६ लिहिलंय. दोन कुटुंबांचं घर आहे, खाली दुसरे भाडेकरू. घरमालक इथे राहत नाही. आता सांगा, फोन कोणाला?

रानवारा
कोथिंबिरीचा रस सकाळी उपाशीपोटी द्या, शिसं बाहेर पडतं. माझ्या जावेने केलं होतं.

तळटीप
रानवारा, कृपया सव्वा वर्षाच्या बाळाला असं काही सुचवू नका. शिसं बाहेर काढायची औषधं असतात, ती साधारण ४५ च्या वर आकडा गेला की रुग्णालयाच्या देखरेखीत देतात. ६ ला उपाय एकच, शिसं जिथून येतंय ते बंद करणं. आणि उपाशीपोटी तर अजिबात नको, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पोटात जाईल एवढं बघा, बाकी डॉक्टरांना विचारा.

पागोळी, मी न्यू जर्सीत भाडेकरूंच्या तक्रारींचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, बोटातून घेतलेल्या रक्तात कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. शिरेतून पुन्हा तपासणी करून घ्या. ३.५ ते ९ या पट्ट्यात सीडीसीची (केंद्राची रोगप्रतिबंध संस्था) सूचना तीन महिन्यांच्या आत असं म्हणते. म्हणजे तीन महिने थांबाच असं नाही. उद्या मागितलीत तरी डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. हे महत्त्वाचं अशासाठी, की शिरेतल्या रक्तात वाढलेला आकडा पक्का झाला की तुमच्या भागातल्या आरोग्य खात्याला हालचाल करावी लागते. प्रयोगशाळा निकाल राज्याला कळवतेच. मग नर्स संपर्क करते आणि तपासनीस घरी येतो.

दुसरं, त्याची वाट न बघता करता येण्यासारखं. न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा केला, तो जुलै २०२२ पासून लागू आहे. १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरांची शिशाच्या रंगासाठी तपासणी करणं बंधनकारक आहे. पहिली तपासणी २२ जुलै २०२४ च्या आत किंवा त्याआधी भाडेकरू बदलला तर तेव्हा. ती टाऊनने करायची किंवा मालकाने परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायची. घर ठीक निघालं तर 'लेड-सेफ' प्रमाणपत्र मिळतं, ते दोन वर्षं चालतं आणि त्याची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. तुमच्या लीजला (भाडेकराराला) ती जोडली आहे का बघा. नसेल तर टाऊनच्या इमारत किंवा घर तपासणी विभागात फोन करून एकच प्रश्न विचारा: या पत्त्याची शिशाची तपासणी नोंदवलेली आहे का? धोका सापडला तर दुरुस्ती मालकाच्या खर्चाने. टाळाटाळ केली तर ३० दिवसांची मुदत, त्यानंतर आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत दंड.

काही घरं यातून सुटतात. आधीच लेड-फ्री ठरलेली, किंवा सहा महिन्यांहून कमी मुदतीची हंगामी भाड्याची, वगैरे. दोन कुटुंबांचं १९२६ चं घर सहसा सुटत नाही.

तिसरं, केंद्राच्या नियमाप्रमाणे १९७८ पूर्वीचं घर भाड्याने देताना मालकाने शिशाबद्दल त्याला जे माहीत आहे ते सांगायचं असतं आणि ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेचं, माहितीपत्रक देऊन तुमची सही घ्यायची असते. हा नियम १९९६ पासून आहे. पण त्यात मोठी पळवाट आहे. मालकाने कधी तपासलंच नसेल तर 'मला काही माहीत नाही' असं लिहून तो मोकळा. तपासायची सक्ती केंद्र करत नाही. म्हणूनच तुम्हाला सगळीकडे पत्रकं दिसली. न्यू जर्सीसारख्या राज्याने ती उणीव भरली, म्हणून तुमचा खरा आधार टाऊन आहे, वॉशिंग्टन नाही.

मोरपीस
मॅसॅच्युसेट्समध्ये याहून कडक आहे. १९७१ चा कायदा. सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर १९७८ पूर्वीच्या घरातला शिशाचा धोका मालकाने काढायचा किंवा झाकायचा. मूल आजारी पडायची वाट बघायची नाही. मला तर हेच योग्य वाटतं. बाकी ठिकाणी आधी बाळाच्या रक्तात आकडा दिसतो, मग भिंत तपासतात. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

निवडुंग
आणि कडक कायद्यामुळे मालक लहान मुलं असलेल्यांना घरच देत नाहीत, त्याचं काय?

मोरपीस
तसं नाकारणंही बेकायदा आहे.

निवडुंग
कागदावर. नाकारताना खरं कारण कोण सांगतं?

तळटीप
निवडुंग म्हणतात ते होतं, मी पाहिलं आहे. त्यावर उत्तर म्हणजे सगळ्याच जुन्या घरांची तपासणी, मूल असो वा नसो. मग मूल असलेल्या कुटुंबामुळे मालकाला वेगळं काही करावं लागत नाही. न्यू जर्सीचा कायदा त्या बाजूने आहे, तो घराचं वय बघतो.

उंबरठा
पाणी उकळून वापरा. जुन्या घरात पाइपही शिशाचे असतात.

गारवा
उकळून शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. शिशावर चालणारा, एनएसएफ ५३ या मानकाने प्रमाणित फिल्टर लावा आणि बाळाच्या दुधासाठी, स्वयंपाकासाठी गरम नळाचं पाणी घेऊ नका.

देवचाफा
पेट्रोलचा इतिहास बघा म्हणजे कळेल. १९७६ ते ८० च्या पाहणीत अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्तातलं सरासरी शिसं १५ च्या आसपास होतं. आज ज्या ६ ने आईची झोप उडते, त्याच्या अडीच पट, आणि ते तेव्हा सर्वसामान्य! पेट्रोलमधून शिसं गेलं आणि आकडे कोसळले. अमेरिकेत १९९६ मध्ये, भारतात २००० मध्ये पूर्ण बंदी. दखल घ्यायची पातळीही खाली येत गेली, १९९१ ला १०, २०१२ ला ५, २०२१ पासून ३.५. यातली कुठलीच 'सुरक्षित' पातळी नाही. तशी पातळी सापडलेलीच नाही.

पागोळी
वाचतेय सगळं. लीजबरोबर ते पत्रक होतं, मालकाने 'माहिती नाही' यावर टिक केलंय. प्रमाणपत्र वगैरे काही नाही. पण तक्रार केली आणि त्याने घर सोडा म्हटलं तर?

तळटीप
सरकारी खात्याकडे प्रामाणिकपणे तक्रार केली म्हणून भाडेकरूला काढता येत नाही, राज्याचा तसा कायदा आहे. मालक त्याच छोट्या घरात राहत असेल तर ते संरक्षण लागू होत नाही, पण तुमचा मालक तिथे राहत नाही. जे काही बोलायचं ते लेखी करा, ईमेलवर.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका. मालक घाईने स्वतः येऊन खिडक्या घासायला लागला तर थांबवा. कोरडं सँडिंग म्हणजे सगळ्या घरात शिशाची धूळ. ठेकेदार आणला तर त्याच्याकडे अशा कामासाठीचं ईपीएचं लेड-सेफ प्रमाणपत्र हवं. २०१० पासून जुन्या घरातल्या अशा कामांना ते सक्तीचं आहे.

उंबरठा
घरच्या घरी तपासायचे स्वॅब मिळतात, ते का नाही वापरत?

गारवा
वापरा, पण स्वॅबवर रंग आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. खालच्या थरापर्यंत तो पोचला नाही तर काही दाखवत नाही. तपासनीस एक्सआरएफ या क्ष-किरणांच्या यंत्राने भिंत न खरवडता आतले थर वाचतो आणि धुळीचे नमुने घेतो. मालकासमोर किंवा टाऊनसमोर टिकेल तो कागद त्यातून मिळतो.

मोरपीस
एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सीडीसीच्या शिसे-प्रतिबंध विभागातली माणसं काढून टाकली होती. त्याच सुमारास मिलवॉकीच्या शाळांत शिसं सापडलेलं आणि शहराने मागितलेली मदत नाकारली गेली. केंद्राचं तेव्हा असं झालं होतं, म्हणून तळटीप यांनी टाऊनचा मार्ग सांगितला ते फार बरं केलं.

पागोळी
टाऊनला फोन केला. आमच्या पत्त्यावर तपासणीची नोंद नाही. मालकाला नोटीस पाठवू म्हणाले, आणि आरोग्य खात्याचा वेगळा नंबर दिला. शिरेतल्या रक्ताची तपासणी या शुक्रवारी आहे. तळटीप, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तपासनीस येईपर्यंत खिडक्यांचं काय करू? उन्हाळा आहे, उघडाव्या तर लागतात.

तळटीप
वरचं तावदान खाली करता येत असेल तर तेवढंच उघडा, खालचं हलवू नका. चौकटीचा तळ ओल्या कागदाने पुसा, कागद दर वेळी फेकून द्या. झाडू नको. पाळणा आणि खेळणी खिडकीपासून लांब. बाळाचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी धुवा. खालच्या मजल्यावर लहान मूल आहे का?

पागोळी
हो, तीन वर्षांचा मुलगा आहे.

तळटीप
मग आजच त्यांना सांगा. त्याचीही रक्ततपासणी व्हायला हवी, आणि टाऊनने दोन्ही मजले तपासावेत असं लेखी मागा.