चिपाडापासून लेव्ह्युलिनिक ॲसिड: इंधनाचा नाद सोडा, सॉल्व्हंट करा

कुरकुंभकर (धागाकर्ता):
आपल्याकडे ऊस म्हटलं की पुढचा शब्द इथेनॉल. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळून झालं, आता चिपाडापासूनही इंधनच काढा म्हणतायत लोक. मी बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचा कच्चा माल करणाऱ्या प्लांटवर प्रोसेस बघतो आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्यातून सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव, करा असं माझं म्हणणं. चिपाडातलं सेल्युलोज (धाग्यांचा मुख्य घटक) सौम्य सल्फ्युरिक ॲसिडात 200 अंशांच्या आसपास शिजवलं की लेव्ह्युलिनिक ॲसिड मिळतं, सोबत फॉर्मिक ॲसिड. 2004 साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने झाडापाल्यापासून करण्याजोग्या 12 मुख्य रसायनांची यादी काढली होती, त्यात हे होतं. यावर कॅटॅलिस्ट (प्रक्रिया घडवून आणणारा पदार्थ) आणि हायड्रोजन लावला की जीव्हीएल, म्हणजे गॅमा व्हॅलेरोलॅक्टोन. 207 अंशांना उकळतं, पाण्यात पूर्ण विरघळतं, पटकन पेट घेत नाही. आम्ही रोज ज्या डीएमएफ आणि एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये हात घालतो ती दोन्ही गर्भाला अपायकारक म्हणून युरोपने निर्बंधात टाकलीत, एनएमपी 2020 ला, डीएमएफ 2023 ला. त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी जीव्हीएल चालू शकतं. प्लांटवर माणसं काम करतात हो, मग इतकं चांगलं सॉल्व्हंट पुढे मोडून इंधन म्हणून जाळायचं कशाला?

उडतं_इंधन:
सॉल्व्हंटचा बाजार केवढासा? इंधनाच्या तुलनेत थेंब. कारखान्यांची चिपाडं तुमच्या दोन-चार एमआयडीसी पिणार आहेत का? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ड्युमेसिक या संशोधकाच्या ग्रुपने 2010 मध्येच दाखवलंय, जीव्हीएलची रिंग उघडायची, त्यातून ब्युटीन काढायचं, ब्युटीनचे रेणू एकमेकांना जोडायचे की विमानात चालणाऱ्या मापाचे हायड्रोकार्बन. गाड्या बॅटरीवर जातील, पण मुंबई ते लंडन विमान बॅटरीवर नेणार आहात का? द्रव इंधन लागणारच आहे आणि ते जमिनीतून नको असेल तर झाडातूनच येणार.

कुरकुंभकर:
हिशोब मांडू. सेल्युलोज फुटून मिळणाऱ्या 180 किलो ग्लुकोजमधून, काहीच वाया गेलं नाही असं धरून, 116 किलो लेव्ह्युलिनिक, त्याचं 100 किलो जीव्हीएल, आणि त्यातून ब्युटीन फक्त 56 किलो, उरलेले 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन गेले. जवळपास निम्मा माल हवेत सोडायचा आणि वर त्याला हरित म्हणायचं?

उडतं_इंधन:
किलोत मोजू नका, उष्णतेत मोजा. त्याच ग्लुकोजचं इथेनॉल केलं तर 92 किलो, आणि तिथेही 88 किलो कार्बन डायऑक्साइड जातोच की. किलोमागे ब्युटीनमध्ये उष्णता इथेनॉलच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे शेवटी बेरीज जवळपास सारखीच. हवेत जातोय तो कार्बनही उसाने हवेतूनच घेतला होता.

कुरकुंभकर:
उष्णतेचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण इथेनॉल एका पायरीत होतं आणि इथे चार पायऱ्या, प्रत्येक पायरीला वाफ, दाब, कॅटॅलिस्ट.

फॅब्रिकेशन_सांगली:
अहो तुम्ही दोघं कागदावर भांडताय. गरम सौम्य सल्फ्युरिक साधं स्टेनलेस टिकू देत नाही, चांगल्या मिश्रधातूचा रिॲक्टर घ्यायचा तर किंमत ऐकून गप्प बसाल. परत साखर शिजताना तिच्या काही भागाचा काळा डांबरासारखा गाळ होतो, ह्युमिन म्हणतात त्याला, तो पाइपात बसला की लाइन चोक आणि मग छिन्नी घेऊन माणूस आत. हे ॲसिड करण्याची बायोफाइन नावाची पद्धत काढणाऱ्यांनी म्हणूनच दोन रिॲक्टर केले, पहिल्यात 210-220 अंशांना जेमतेम 12 सेकंद, दुसऱ्यात जरा कमी तापमानाला 20 मिनिटं.

पाषाणरोड:
कॅटॅलिस्टबद्दल थोडं. रुथेनियम हा धातू झकास चालतो पण महाग, म्हणून पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) तांब्यावर काम झालं, 2012 मध्ये कॉपर-झिर्कोनियावर, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडवर बसवलेल्या तांब्यावर, जीव्हीएल करून दाखवलंय. ॲल्युमिनावरचं (ॲल्युमिनियम ऑक्साइडवरचं) तांबं ॲसिडमध्ये सुटून येतं, झिर्कोनियावरचं टिकलं, मला वाटतं खरी बातमी ही आहे. हायड्रोजनही फार लागत नाही, 1 किलो लेव्ह्युलिनिकला 17 ग्रॅम, आणि सोबत तयार होणारं फॉर्मिक मोडून तोही निघू शकतो.

चीफ_केमिस्ट_कोल्हापूर:
सगळे चिपाड फुकट पडलंय असं धरून बोलताय. आमचा बॉयलर त्याच्यावरच चालतो आणि हंगामात जास्तीची वीजपण विकतो. 1 टन ओल्या चिपाडात निम्मं पाणी, उरलेल्या 500 किलोत सेल्युलोज 200 किलोच्या आसपास, त्यातून तुमच्या हातात शंभरएक किलो ॲसिड पडलं तरी खूप झालं. त्या शंभर किलोचे पैसे टनभर चिपाडाच्या वाफेपेक्षा आणि विजेपेक्षा जास्त येणार असतील तरच बोला, सभासदाला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला भाव, वेळेवर द्यायची असते आम्हाला.

कुरकुंभकर:
साहेब, म्हणूनच तर सॉल्व्हंट म्हणतोय, किलोमागे भाव इंधनापेक्षा कितीतरी जास्त. आणि फक्त सेल्युलोजच का? चिपाडातल्या पेंटोज साखरेपासून फरफ्युरल हे रसायन निघतं, दक्षिण आफ्रिकेत सेझेलाला साखर कारखान्याशेजारीच करतात. त्या फरफ्युरलचं 2-मिथाइल टीएचएफ हे सॉल्व्हंट होतं, ते तर औषध कंपन्या आजच वापरतात, साध्या टीएचएफ सॉल्व्हंटसारखं पाण्यात पूर्ण मिसळत नाही त्यामुळे थर वेगळा करायला सोपं. उरलेलं लिग्निन (चिपाडाचा लाकडासारखा भाग) आणि तो काळा गाळ तुमच्या बॉयलरला परत.

चीफ_केमिस्ट_कोल्हापूर:
त्या गाळात सल्फ्युरिकचं गंधक राहिलं तर माझ्या बॉयलरच्या ट्यूबा खाऊन टाकेल. धुऊन किती उरतं ते आधी मोजून सांगा, मग संचालकांसमोर विषय काढतो.

उडतं_इंधन:
आणि मोजताय तर धुवायला पाणी किती लागलं तेही लिहा.

कुरकुंभकर:
दोन्ही लिहितो. साहेब, चिपाड तुमच्याकडचंच लागेल, गाळप सुरू झालं की दोन गोणी बाजूला ठेवा, मी स्वतः येऊन नेतो.