बीएफओ (बिस्मथ फेराइट) फिल्मवर फक्त ३ मिलिव्होल्ट, पोलिंग उलटवलं तरी चिन्ह तेच

ऐरोली_लॅब
फेरोइलेक्ट्रिक सोलर सेलसाठी एफटीओ काचेवर (वीजवाहक टिन ऑक्साइडचा लेप असलेली काच) सोल-जेलने, म्हणजे क्षारांचं द्रावण (सोल) पसरवून आणि भाजून, बिस्मथ फेराइटचे ६ थर दिलेत, जाडी साधारण ३०० नॅनोमीटर. वर सोन्याचे ०.२ मिमी व्यासाचे ठिपके, स्पटर केलेले. वरून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर पाडतो, साध्या मल्टिमीटरवर ३ मिलिव्होल्ट दिसतात. +५ आणि −५ व्होल्टने पोलिंग केलं (व्होल्टेज देऊन ध्रुवीकरण एका दिशेला वळवलं) तरी चिन्ह बदलत नाही. पी-ई लूप (ध्रुवीकरण विरुद्ध विद्युतक्षेत्राचा आलेख) गोलमटोल येतो. या मटेरियलमध्ये बँडगॅपपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं ना? शिवाय पावसाळा लागल्यापासून सोल दुधाळ होतंय.

प्रोबस्टेशन_कोपरखैरणे
आधी प्रकाश बघा. बीएफओचा बँडगॅप (प्रकाश शोषायला फोटॉनकडे लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.७ ईव्ही, म्हणजे ४६० नॅनोमीटरच्या आसपास. हिरव्या फोटॉनची ऊर्जा २.३३ ईव्ही, तो बहुतेक आरपार जातो. ४०५ नॅनोमीटरचा लेसर किंवा एलईडी घ्या (त्या तरंगलांबीचा चष्मा लावूनच). सोनं १०० नॅनोमीटर असेल तर ते आरसाच आहे. १०-१५ नॅनोमीटरचं ठेवा, नाहीतर काचेच्या बाजूने प्रकाश द्या.

आता मीटर. ठिपक्याचं क्षेत्रफळ ३.१४ × १०⁻⁴ चौ. सेंमी. फिल्मने १ मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी दिला तरी हातात ०.३ नॅनोअँपिअर. तो १० मेगाओहमच्या मल्टिमीटरमधून गेला की ३ मिलिव्होल्ट. तुमचा आकडा नेमका तोच आहे, तेव्हा तो व्हीओसी (करंट शून्य असतानाचं सेलचं व्होल्टेज) समजू नका. सोर्समीटरवर (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं उपकरण) −१ ते +१ व्होल्ट स्वीप करा, आधी अंधारात, मग प्रकाशात. प्रकाशातला करंट जिथे शून्य ओलांडतो तो व्हीओसी.

लाइट लावताक्षणी एक स्पाइक आणि बंद करताना उलटा स्पाइक दिसला तर तो फिल्म तापल्या-थंडावल्याचा पायरोइलेक्ट्रिक करंट. मिनिटभर थांबून जो स्थिर राहतो तोच मोजा.

ठाणे_सोलजेल
दुधाळ सोलचं कारण हवा. बिस्मथ नायट्रेटला पाणी लागलं की पांढरं ऑक्सिनायट्रेट खाली बसतं, आणि २-मेथॉक्सीइथेनॉल आपल्याकडच्या जुलैच्या हवेतून पाणी ओढतंच. गाळून वापरायचा मोह आवरा. बिस्मथ गाळणीत राहतं आणि प्रमाण बिघडतं. ते सोल टाकून द्या.

०.२५ मोलरचं २० मिली: फेरिक नायट्रेट नॉनाहायड्रेट २.०२ ग्रॅम, बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट २.५५ ग्रॅम (५% जादा, कारण भट्टीत बिस्मथ उडतं). आधी बिस्मथ थोड्या ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडसह विरघळवा, मग आयर्न. सगळं फ्यूम हूडमध्ये. हे सॉल्व्हंट प्रजननक्षमतेला घातक आहे. स्पिनिंगच्या खोलीत एसी तासभर आधी लावा, काच हॉटप्लेटवर गरम करून घ्या. ३००० आरपीएम, ३० सेकंद, मग ३५० अंशांवर ५ मिनिटं. शेवटी ५५० अंशांवर अर्धा तास. त्यावर गेलात तर काच वाकते.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन) २२.४ आणि ३२ अंशांजवळ बीएफओ दिसायला हवं. २७ ते २९ च्या पट्ट्यात शिखरं आली तर परका फेज आहे: बिस्मथ कमी पडलं तर Bi₂Fe₄O₉, जास्त झालं तर सिलेनाइट (बिस्मथ जास्त असलेलं ऑक्साइड).

फेरो_वाशी
गोल लूप म्हणजे गळती. केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावले तरी तसाच लूप मिळतो, त्यावरून ध्रुवीकरण सिद्ध होत नाही. पीयूएनडी पल्स वापरा (एकाच दिशेच्या दोन-दोन पल्स देऊन गळती वजा करायची पद्धत).

चिन्ह न बदलण्याचं साधं कारण: पोलिंग झालंच नाही. कोअर्सिव्ह फील्ड (ध्रुवीकरण उलटवायला लागणारं विद्युतक्षेत्र) २५० किलोव्होल्ट प्रति सेंमी धरलं तर ३०० नॅनोमीटरला ७.५ व्होल्ट लागतात, तुम्ही ५ दिलेत. १० ते १२ पर्यंत न्या, पायरीपायरीने, करंटवर लिमिट लावून, आणि अंधारात. प्रकाशात गळती वाढते.

तरीही चिन्ह तेच राहिलं तर सोनं आणि एफटीओ यांच्या वर्क फंक्शनमधला (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेतला) फरक जबाबदार. दोन्ही पोलिंगनंतरच्या व्हीओसींची सरासरी ढोबळमानाने इंटरफेसची, आणि फरकाचा अर्धा भाग ध्रुवीकरणाचा. फरक शून्य असेल तर तो साधा शॉटकी डायोड (धातू-अर्धवाहक जोड), त्याला फेरोइलेक्ट्रिक सोलर सेल म्हणू नका.

बँडगॅपपेक्षा जास्त व्होल्टेजबद्दल: २०१० मधला बर्कलीचा तो प्रयोग आडव्या मांडणीतला, एपिटॅक्सियल फिल्मवरचा (खालच्या स्फटिकाशी जुळवून वाढवलेली). ७१ अंशांच्या डोमेन भिंती (वेगवेगळ्या दिशेच्या ध्रुवीकरणाच्या भागांमधल्या सीमा) मालिकेत जोडल्यासारख्या, प्रत्येकीमागे सुमारे १० मिलिव्होल्ट, इलेक्ट्रोडमधलं अंतर २०० मायक्रॉन. तुमच्या उभ्या, पॉलिक्रिस्टलाइन मांडणीत ते शोधू नका. ०.२-०.३ व्होल्ट आले आणि उलटले तर चहा पाजा.

ऐरोली_लॅब
४०५ चा एलईडी मिळाला. १२ व्होल्टनंतर लगेच स्वीप केला तर रीडिंग सरकत राहतंय.

फेरो_वाशी
पोलिंगनंतर दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करून अंधारात ५ मिनिटं ठेवा, अडकलेला चार्ज निघून जाईल. आणि सुई हलकी टेकवा. १५ नॅनोमीटर सोन्यात ती सहज आरपार जाते.